ट्वाइनवर लिहिलेली ग्वाल्हेरची गोष्ट: काही महिने वापरल्यानंतर

ट्वाइन हे फाटे फुटत जाणाऱ्या गोष्टी लिहिण्याचं मोफत, मुक्तस्रोत साधन. ख्रिस क्लिमस यांनी ते २००९ मध्ये आणलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गासाठी मी ते गणपतीनंतर हाती घेतलं आणि अजून वापरते आहे. वर्गातली मुलं दिवसभर हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी लिहितात, मराठी त्यांच्या कानावर पडते ती आजी-आजोबांकडून. त्यांनी मराठीचा एखादा परिच्छेद मागे न लागता वाचावा एवढीच अपेक्षा होती. ती पूर्ण झाली, हे आधीच सांगून टाकते. पुढे काय निवडायचं ते ठरवायचं तर आधी वाचावंच लागतं.

पडद्यावर कोरा नकाशा असतो आणि त्यावर चौकटी. एका चौकटीत एक परिच्छेद. मजकुरात [[नाल्याकडे जा]] असं दुहेरी चौकोनी कंसात लिहिलं की त्या नावाची नवी चौकट आपोआप तयार होते आणि बाण जोडला जातो. पहिली गोष्ट उभी करायला कोडिंग लागत नाही. १९७०च्या दशकात विल क्राउदर यांनी गुहेत हिंडण्याचा जो मजकुरी खेळ रचला, त्यात वाचकाला आज्ञा टाइप कराव्या लागत. आमच्या मुलांना मराठी टायपिंग येत नाही, म्हणून नुसतं बोट लावून पुढे जाता येणं फार सोयीचं.

देवनागरी छान दिसते, कारण तयार होतं ते शेवटी एक वेबपानच. एक खाच मात्र मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ घेतात, तर काही साधा र आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. ‘दुसऱ्या काठावर’ ही चौकट आधीच लिहिलेली असली, तरी लिंकमधला ऱ्या वेगळ्या कीबोर्डवरून आला की शेजारी त्याच नावाची रिकामी चौकट उगवते आणि वाचक तिथे जाऊन अडकतो. चौकटींची नावं ‘काठ’, ‘शाला’, ‘मुरार’ अशी सुटसुटीत ठेवावीत, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

गोष्ट निवडली ती जून १८५८ची. १ जूनला मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांचं सैन्य तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाईंच्या बाजूला गेलं आणि जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले. १७ जूनला कोटा की सराय इथे ब्रिटिशांच्या ८व्या हुसार्स घोडदळाशी लढाई झाली. राणी पडली त्याच दिवशी की १८ला, यावर हकिकती जुळत नाहीत. कुणी गोळी लागली म्हणतं, कुणी तलवारीचा वार. गंगादास की बडी शालाच्या साधूंनी अंत्यसंस्कार केले, हे इथे घरोघर सांगितलं जातं. फूलबागेतली समाधी मुलांनी पाहिलेली आहे, त्यामुळे ठिकाणं त्यांच्या पायाखालची आहेत.

पहिला मसुदा वाचून झाला आणि एक मुलगा म्हणाला, “काकू, राणीचा घोडा नाल्यापाशी न अडता पार जाईल असा पण रस्ता टाका ना.” सगळा वर्ग त्याच्या बाजूने. ट्वाइनमध्ये असा रस्ता काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि या माध्यमाची खरी जबाबदारी मला तिथेच कळली. वाचकाच्या हाती निवड द्यायची, पण कशाची? मी ठरवलं, घडलं ते बदलायचं नाही. कुठे उभं राहून बघायचं आणि कुणाचं ऐकायचं, हे वाचकाने निवडायचं. मुरारच्या छावणीतला शिपाई, शालेतला साधू आणि गोरखी राजवाड्याजवळच्या वाड्यातली मुलगी असे तीन काल्पनिक साक्षीदार घेतले. कुणालाच सगळं दिसत नाही. तारखेचा तिढा मी सोडवला नाही, दोन्ही तारखा दोघांच्या तोंडी राहू दिल्या. छापील गोष्टीत मला एक कुठलीतरी वर, एक तळटीपेत टाकावी लागली असती. इथे दोन्ही एकाच उंचीवर राहतात. आता मुलं आपसांत वाद घालतात, तेही मराठीत.

ढोलीबुवांची हरिकथा ग्वाल्हेरकरांच्या ओळखीची. तानसेन समारोहाच्या आरंभी शहनाईबरोबर ती असतेच. कीर्तनकार समोरचे चेहरे बघून दृष्टान्त बदलतो, आख्यान लांबवतो. ट्वाइनला चेहरे दिसत नाहीत, पण वाचक कुठे कुठे जाऊन आला ते त्याच्या लक्षात असतं. ट्वाइनमधल्या हार्लो या लेखनपद्धतीत ‘इफ’ आणि ‘हिस्टरी’ या दोन आज्ञा जोडून मी एवढंच केलं: वाचक आधी मुरारला जाऊन आला असेल, तर साधूच्या बोलण्यात एक वाक्य वाढतं, “त्या दिवशी छावणीत तूच होतास ना?” हे पहिल्यांदा मोठ्याने वाचणारी मुलगी मधेच थांबली आणि म्हणाली, “ह्याला कसं माहीत?” मग तिने पुन्हा सुरुवातीपासून, मुरारला न जाता वाचून पाहिलं.

लिहिताना फाट्यांना आवर घालावा लागतो. प्रत्येक वळणावर दोनच पर्याय ठेवले आणि अशी दहा वळणं घेतली, तरी १०२४ शेवट होतात. म्हणून वाटा वेगळ्या करून दोन-तीन चौकटींनंतर पुन्हा एकत्र आणाव्यात.

मंडळातल्या एका आजींना हे मुळीच पटलं नाही. “मी काय वाचलं नाही, तेच मला कळत नाही,” असं त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं रास्त आहे. शेवटी सगळ्या चौकटींची यादी जोडली, आता त्या तिथूनच वाचतात. एका सुरात चढत जाणाऱ्या, एकाच माणसाच्या दुःखाच्या गोष्टीला मी हे साधन वापरणार नाही. तिथे निवडीचा प्रत्येक थांबा रसभंग करतो.

सुरुवात करणाऱ्यांनी संगणकावर उतरवून घ्यायची आवृत्ती घ्यावी. वेबवरची आवृत्ती गोष्टी ब्राउझरमध्येच साठवते आणि ब्राउझरचा डेटा पुसला की त्याही जातात, म्हणून अधूनमधून प्रत काढून ठेवावीच. पूर्ण झालेली गोष्ट एकाच फाइलमध्ये निघते आणि इंटरनेटशिवाय उघडते. ती आम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवतो. चित्रं आणि आवाज वेगळ्या फाइलींत ठेवले, तर तेही सोबत द्यावे लागतात. दोघांना एकाच वेळी एका गोष्टीवर काम करता येत नाही, त्यामुळे पुढच्या गोष्टीसाठी मुलं आपापल्या साक्षीदाराचे परिच्छेद वहीत लिहून आणणार आहेत आणि चौकटींत मी भरणार आहे.