डिझेल कॉम्प्रेशन गेजचा संच: उसाच्या एका हंगामानंतरचा अनुभव

हा संच घेण्याची वेळ आमच्या जुन्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरमुळे आली. गेल्या दिवाळीनंतर सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर दिसू लागला आणि ओळखीच्या मिस्त्रींनी तो धूर लांबूनच पाहून लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग असे पूर्ण इंजिन बांधण्याचे काम सांगितले. खर्चाचा अंदाज सत्तर हजारांच्या घरात होता आणि कारखान्याचा गाळप हंगाम नुकताच सुरू झालेला होता. अशा वेळी अडीच हजारांचे गेज घेऊन सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते हे आधी मोजावे आणि मग खिशात हात घालावा, हा विचार मला अधिक परवडणारा वाटला. संचात काय काय येते, किती डमी नोझल (इंजिनातील डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या जागी बसवायचे तुकडे) असतात, डायल किती पीएसआयपर्यंत (दाबाचे एकक) असते, ही माहिती विकणाऱ्याच्या पानावर असतेच, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही.

धुराचा रंग हा पुरावा आहे, परंतु तो कोणत्या वेळी निघतो हे रंगाइतकेच महत्त्वाचे असते. आमचा ट्रॅक्टर थंड असताना पहिली दोन-तीन मिनिटे निळसर धूर देत असे आणि नंतर सायलेन्सर स्वच्छ होई. भरलेल्या दोन ट्रेलरसह चढ चढतानाही केवळ थोडा काळा धूर निघे, जो जुन्या पंपाच्या इंजिनात लोडवर निघतोच. रिंगा (पिस्टनभोवतीच्या, दाब आणि ऑइल अडवणाऱ्या कड्या) झिजल्या असत्या तर निळा धूर गरम इंजिनातही, विशेषतः लोडवर, टिकून राहिला असता आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफाळलेली हवा जोराने बाहेर आली असती. मी चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून नुसते उलटे ठेवले, तेव्हा ते थरथरले, पण उडाले नाही. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी नळीत आतून बोट फिरवले, तर धूळ लागली नाही. आमच्याकडच्या शेतरस्त्यांवर ही तपासणी कोणीही टाळू नये, कारण त्या नळीला चीर असेल तर बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि नव्या रिंगाही लवकर जातात.

आता गेजकडे येतो. इंजिन गरम केले, बॅटरी पूर्ण भरून घेतली, तिन्ही नोझल काढले, डिझेल बंद करण्याची दांडी ओढून ठेवली आणि प्रत्येक सिलिंडरवर काटा स्थिर होईपर्यंत सेल्फ मारला. पहिल्या सिलिंडरने २८५, दुसऱ्याने २८० आणि तिसऱ्याने २३५ पीएसआय दाखवले. हे कमी आकडे ऐकून मिस्त्रींना आपले निदान खरे ठरल्याचे समाधान झाले आणि त्या संध्याकाळी मी या संचाला मनातल्या मनात पाच तारे देऊन टाकले होते.

मात्र एक गोष्ट जुळत नव्हती. डिझेल इंजिन हवा दाबून तापवते आणि त्या उष्णतेवरच पेटते. एवढ्या कमी दाबाचे इंजिन डिसेंबरच्या थंड पहाटे भरपूर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर ओकत, रडतखडत सुरू व्हायला हवे होते. आमचे इंजिन अर्ध्या आट्यात सुरू होत होते. तिन्ही आकडे एकाच वेळी खाली येतात तेव्हा इंजिनाआधी सेल्फच्या वेगावर आणि मोजणाऱ्या साधनावर संशय घ्यावा, आणि सेल्फ तर उत्तम फिरत होता.

दोष सापडला तो गेजच्या नळीत. आकडा धरून ठेवण्यासाठी प्रत्येक कॉम्प्रेशन गेजमध्ये एकदिशा व्हॉल्व्ह असतो, दिसायला टायरच्या व्हॉल्व्ह पिनसारखाच. हा व्हॉल्व्ह नळीच्या सिलिंडरकडील टोकाला, म्हणजे डमी नोझलच्या अगदी जवळ असायला हवा. या संचात तो गेजच्या बाजूला, नळीच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला आहे. परिणामी नळीतील संपूर्ण पोकळी प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडरच्या दाबल्या जाणाऱ्या जागेत मिसळते. आमच्या इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर साधारण ८३० घनसेंटिमीटरचा आणि कॉम्प्रेशन १७ ला १ (हवा सतराव्या भागाच्या जागेत दाबली जाते) धरले, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ५० च्या आसपास येते. पाच मिलिमीटर आतील व्यासाची आणि चाळीस सेंटिमीटर लांबीची नळी त्यात आणखी आठ घनसेंटिमीटर घालते, म्हणजे १७ चे प्रमाण पंधराच्या आत येते आणि दाब सुमारे सहाव्या भागाने घटतो. पेट्रोल इंजिनात उरणारी जागा मोठी असल्याने ही चूक खपून जाते. डिझेलमध्ये तिच्यावर सत्तर हजारांचा निर्णय अवलंबून असतो.

एवढ्यावरच भागले नाही. आतली पिन खरोखरच टायरची, कडक स्प्रिंगची निघाली. कॉम्प्रेशन गेजची पिन मुद्दाम अतिशय मऊ स्प्रिंगची असते. टायरची पिन उघडण्यासाठी जो दाब खर्च होतो, तेवढा आकडा डायलवर कमी पडतो. विकणाऱ्याला फोटोसह सर्व कळवले, तेव्हा ‘हाच संच ट्रक, ट्रॅक्टर सर्वांना चालतो, परत घेता येणार नाही’ असे उत्तर आले. पुन्हा लिहिले, तर डायलची काच फुटलेली नाही ना, अशी चौकशी झाली. शेवटी सोलापुरातील एका पंप-नोझलच्या दुकानातून गेजची मऊ पिन किरकोळ किमतीत मिळाली आणि शेजारच्या लेथवर डमी नोझलच्या वरच्या टोकात तिच्यासाठी आटे पाडून घेतले. खर्च गेजच्या किमतीच्या दहाव्या भागाइतकाही झाला नाही, परंतु हे काम गेज बनवणाऱ्यानेच करायचे होते, हा राग आजही गेलेला नाही.

नंतरचे आकडे ३६५, ३६० आणि ३०० आले. म्हणजे पहिले दोन सिलिंडर त्यांच्या वयाच्या मानाने ठणठणीत होते आणि तिसरा मागे होता. येथे मला गेजविषयीचे मत थोडे सुधारावे लागले: आकडा चुकत असतानाही तिसऱ्या सिलिंडरची तफावत त्याने पहिल्या दिवशीच दाखवली होती. सुस्थितीतील इंजिनात सिलिंडरांमधील फरक थोडाच असावा, आणि नेमकी मर्यादा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहावी.

पुढची पायरी म्हणून संचाच्या पुस्तिकेत सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल टाकून पुन्हा मोजण्यास सांगितले आहे. ऑइलने रिंगांची गळती तात्पुरती बुजते, म्हणून आकडा वाढला तर दोष रिंगांचा, असा त्यामागचा हिशेब. हा सल्ला पेट्रोल इंजिनाचा आहे. डिझेलच्या ५० घनसेंटिमीटरच्या जागेत दहा घनसेंटिमीटर ऑइल ओतले तर निव्वळ जागा घटल्यानेच दाब वाढतो आणि माणूस रिंगांना दोष देऊन मोकळा होतो. जास्त ओतले तर इंजिन अडकून कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती वेगळीच. मी सिरिंजने अगदी थोडे ऑइल घातले, इंजिन काही आटे फिरू दिले आणि मोजले, तेव्हा आकडा जेमतेम हलला. त्यामुळे रिंगांवरचा संशय कमी होऊन इंजिनाच्या व्हॉल्व्हवर आला. व्हॉल्व्हवरचे झाकण उघडून फीलर (फट मोजण्याची पातळ पट्टी) लावला, तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागात) फट जवळजवळ शिल्लक नव्हती, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. मॅन्युअलप्रमाणे टॅपेट लावल्यावर तिसरा सिलिंडर ३४५ पर्यंत आला.

सकाळच्या निळ्या धुराचे कारण मात्र टॅपेट नव्हते. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्ह स्टेमवरून (व्हॉल्व्हच्या दांडीवरून) ऑइल थेंबथेंब खाली उतरते आणि सुरू होताच जळते. डिझेलमध्ये हवा रोखणारी थ्रॉटलची झडप नसल्याने पेट्रोल इंजिनासारखी सतत ओढ लागत नाही, म्हणून हा धूर चालू झाल्यावर लवकर निवळतो. हे ऑइल अडवणारी स्टेमची सीले कडक झाली होती. पिस्टन टॉपवर ठेवून, हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) न उतरवता ती बदलून घेतली. धूर पूर्ण गेलेला नाही, परंतु आता तो शोधून पाहावा लागतो.

त्यानंतर पूर्ण हंगाम या ट्रॅक्टरने ऊस ओढला आणि उन्हाळ्यात रोटाव्हेटरही चालवला. डिपस्टिकवरील पातळी मधूनमधून घटते, पण पूर्वीइतकी नाही. गेज दर काही महिन्यांनी लावतो. पहिले दोन सिलिंडर स्थिर आहेत आणि तिसरा मागच्या वेळी ३४० वर होता. नोझल बसवताना तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घ्यावेत आणि जुने वॉशर तळाशी चिकटून राहिले नाही ना, हे पाहावे, कारण तेथून गळणारी हवा आकडाही बिघडवते आणि नंतर नोझलही.

संचाची पेटी चांगली आहे, डायल स्पष्ट आहे, आणि क्लॅम्पच्या नोझलसाठी दिलेली पट्टी पातळ असल्याने पान्याने जपून आवळावी लागते. ज्यांच्या जवळ लेथ आहे त्यांनी घ्यावा. ज्यांच्या जवळ नाही त्यांनी घेण्यापूर्वी विकणाऱ्याला एकच प्रश्न लेखी विचारावा, की व्हॉल्व्ह पिन नळीच्या कोणत्या टोकाला आहे. उत्तर टाळले गेले तर पैसे देऊ नयेत. माझे तारे तीन, आणि त्यांतला एक लेथवाल्याचा आहे. तिसरा सिलिंडर ३०० च्या खाली परत गेला, तर पुढील गाळपापूर्वी हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट घासून घेईन.