फेम ४.२: एकक शेजारी लिहून ठेवणारं फुकट सॉफ्टवेअर

सोलेनॉइड आणि छोट्या मोटारी डिझाइन करणं हे माझं रोजचं काम. त्यातलं चुंबकीय क्षेत्र, बल वगैरे संगणकावर काढायला डेव्हिड मीकर यांचं फेम ४.२ वापरते. फुकट आहे, विंडोजवर चालतं, पण टू-डी आणि अॅक्सिसिमेट्रिक (अक्षाभोवती सगळीकडून सारख्या वस्तू) यापलीकडे जात नाही. दिसायला जुनाट. तरी सोडवत नाही, कारण एककांच्या बाबतीत लपवाछपवी नाही.

एकच एक पद्धत मात्र नाही. लांबी मिलिमीटरमध्ये देता येते, कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मेगासीमेन्स प्रति मीटर (तांब्याला ५८), करंट डेन्सिटी मेगाअँपिअर प्रति चौरस मीटर, म्हणजे आपली नेहमीची अँपिअर प्रति चौरस मिलिमीटरच. उत्तरं टेस्ला, न्यूटन, ज्यूलमध्ये. खिचडी आहे खरी, पण रकान्याशेजारी एकक लिहिलेलं असतं. वाचायचे कष्ट तेवढे घ्यायचे.

खरी गंमत मॅग्नेटची. फेमच्या मटेरियल लायब्ररीत निओडिमियम मॅग्नेटचं नाव ‘एनडीएफईबी ४० एमजीओई’. एमजीओई म्हणजे मेगागॉस-ओर्स्टेड, जुन्या सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीतलं एकक. कोअर्सिव्हिटी (मॅग्नेटला निष्प्रभ करायला लागणारं उलटं क्षेत्र) मात्र भरायची अँपिअर प्रति मीटरमध्ये. विक्रेत्याच्या डेटाशीटवर १२.३ किलोओर्स्टेड असेल, तर १२,३०० गुणिले ७९.५८, साधारण ९,७९,०००. त्यातही डेटाशीटवरची एचसीबी (फ्लक्स डेन्सिटी शून्यावर आणणारं क्षेत्र) घ्या, एचसीजे (मॅग्नेटचं स्वतःचं चुंबकत्व शून्यावर आणणारं) नको. तारेचंही तेच. आपला वाइंडर ‘१८ गेज’ म्हणतो ते एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज), १.२२ मिमी. यादीतून एडब्ल्यूजीची (अमेरिकन गेज) १८ उचललीत तर तार १.०२ मिमीची आणि रेझिस्टन्स ४० टक्क्यांहून जास्त. प्लेनर (सपाट टू-डी) मॉडेलमध्ये डेप्थचा, म्हणजे कागदाच्या आत जाणाऱ्या लांबीचा, रकानाही बघा: तिथे १ मिमी राहिला आणि मोटारीच्या पत्र्यांचा स्टॅक ५० मिमीचा असला, तर टॉर्क पन्नासावा हिस्सा येतो.

थ्री-डीसाठी फिनलंडच्या सीएससी या संगणन केंद्राचं एल्मर हे सॉफ्टवेअर घेते. ते एकक विचारतच नाही. मेश (मॉडेलचे छोटे तुकडे पाडलेली जाळी) मिलिमीटरमध्ये असेल तर ‘कोऑर्डिनेट स्केलिंग’ ०.००१ लिहा आणि बाकी सगळं एसआयमध्ये ठेवा. मेकॅनिकलवाल्यांची मिमी-टन-सेकंद पद्धत हवीच असेल, तर अँपिअर तसाच ठेवून निर्वाताच्या पर्मिअॅबिलिटीचा (चुंबकीय पारगम्यतेचा) आकडा बदलत नाही (टन-मिमी प्रति सेकंद वर्ग म्हणजे न्यूटनच), तांब्याची कंडक्टिव्हिटी ५८ होते आणि १ टेस्ला ०.००१ दिसतो. ५० हर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ (एसी प्रवाह पृष्ठभागापासून किती आत शिरतो ते) ९.३ मिमीच्या आसपास आली की समजा जमलं.

फेमला पाचपैकी साडेचार. चित्र काढून झाल्यावर लांबीचं एकक बदललं तर आकडे तेच राहतात आणि मोटार इंचात फुगते, अर्धा गुण त्यासाठी कापला.