येरवड्याचं मुक्तांगण: ३५ दिवसांत काय होतं, काय होत नाही

घरातल्या माणसाची दारू सोडवायची ठरली की पहिला प्रश्न येतो, ‘कुठे ठेवायचं?’ पुण्यात त्याचं उत्तर बहुतेक वेळा मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र असंच मिळतं. ते योग्य आहे, पण जाण्याआधी काही गोष्टी नीट माहीत हव्यात.

हे केंद्र २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या (ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या) व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि मनोरुग्णालयाच्या आवारातच काम उभं राहिलं. अनिताताईंनी सरकारी वॉर्डातला अनुभव तर या कामात आणलाच. पण त्याहून मोठं काम त्यांनी केलं ते बऱ्या झालेल्या पेशंटना समुपदेशक बनवण्याचं. मुक्तांगणची खरी ताकद आजही तीच आहे.

त्याचा फरक समोरासमोर बसल्यावर कळतो. नवा पेशंट म्हणतो, ‘मी काही रोज घेत नाही. कधीतरी, मित्रांबरोबर.’ डिग्रीवाला ते फॉर्मवर लिहून घेईल. स्वतः त्यातून गेलेला माणूस शांतपणे विचारतो, ‘सकाळचा चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो का? गाडीच्या डिकीत काय असतं?’ समोरचा खाली बघतो. इथून खरं बोलणं सुरू होतं. अर्थात नुसता अनुभव पुरत नाही. ‘मी सुटलो तसाच तूही सुटशील’ हा हट्ट धरला की नुकसान होतं, म्हणून डॉक्टर आणि प्रशिक्षित मानसतज्ज्ञ शेजारी लागतातच.

निवासी उपचार ३५ दिवसांचा. त्यातले पहिले पाच-सात दिवस शरीराचे. दारू थांबल्यावर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, वेळ-जागेचं भान सुटतं. हे जीवघेणं ठरू शकतं. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला घरी कोंडून ‘आजपासून बंद’ करू नका. दाखल करताना खरं सांगा: रोज किती क्वार्टर (एक म्हणजे १८० मिली), शेवटचा पेग किती वाजता, पूर्वी फिट आली होती का, मधुमेह किंवा लिव्हरची औषधं चालू आहेत का. लाजेखातर मात्रा निम्मी सांगितली तर औषधाचा डोस चुकतो. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिनचं, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन का देतात, तेही विचारायला संकोचू नका. ते राहून गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

गर्दचं उलटं असतं. ते सोडताना त्रास भयंकर होतो, पण जीव सहसा जात नाही. जीव जातो नंतर. महिनाभरात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर पडून माणूस जुन्याच मात्रेत घेतो आणि श्वास थांबतो. ही गोष्ट घरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

उरलेले दिवस समूहोपचार, एकट्याशी बोलणं, योग आणि बांधलेली दिनचर्या यांत जातात. नोकरदाराला एवढी रजा मिळवणं जड जातं, पण आठ दिवसांत डिटॉक्स उरकून परत नेऊ नका. तेवढ्यात फक्त थरथर थांबते. ओढ तशीच राहते.

मुक्तांगणची आम्हाला सर्वांत जमेची वाटणारी बाजू म्हणजे घरच्यांसाठी चालणारं काम. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याचा खिसा तपासणं, साहेबांना ‘ताप आलाय’ असं खोटं कळवणं, उधारी फेडणं हे सगळं प्रेमापोटीच होतं आणि त्यानेच व्यसन लांबतं. हे एकटीला उमगत नाही, दहाजणींत बसल्यावर उमगतं.

तक्रार असली तर ती लोकांच्या अपेक्षेबद्दल. ‘बरा करून द्या’ म्हणत माणूस सोपवून जाणाऱ्यांना इथे निराशाच येईल. स्लिप होते, म्हणजे माणूस पुन्हा घेतो. अनेकांची होते, बहुधा पहिल्या काही महिन्यांत. लग्नाची वरात, पगाराचा दिवस, जुना मित्र, नाहीतर ‘आता एक बीअर चालेल’ ही खात्री. तेव्हा भांडू नका, त्याच आठवड्यात फॉलो-अपला न्या.

आणखी एक. दारूची चीड आणणारी गोळी चहात किंवा भाजीत लपवून देऊ नका. ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर येऊ शकतं. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. पेशंटला ठाऊक असताना, डॉक्टरांनी तपासूनच ती द्यायची. अशा वेळी अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही टाळावं लागतं.

डिस्चार्ज घेताना पहिल्या फॉलो-अपची तारीख कागदावर लिहून घ्या आणि त्या दिवशी बरोबर घरचं कोण जाणार, तेही तिथेच ठरवा.