वाड्याच्या भिंतीतून निघालेले रुपये : एका पार्सलची तपासणी

सोलापुरातल्या एका गृहस्थांनी मोबाइलवर आलेली जाहिरात पाहून आठ जुनी चांदीची नाणी घेतली. अठ्ठावीस हजार रुपये, यूपीआयवर, सगळे आगाऊ. विक्रेत्याने सांगितलं, "गावाकडचा वाडा पाडताना भिंतीत डबा निघाला, दादा. घरात वाटण्या चालल्यात, म्हणून घाईनं काढतोय." पार्सल आलं, नाणी सराफ कट्ट्यावर गेली, तिथे शंका आली आणि मग एकेक नाणं नीट तपासलं गेलं. आठांपैकी चार साफ खोटी निघाली. दोन चांदीची होती, पण त्यांचं साल बदललेलं होतं. एक खरं होतं, पण कडी जोडायला टाका मारलेलं. एक खरं, पण त्यात चांदी निम्मीच.

सगळीच खोटी असती तर हे गृहस्थ फसले नसते. त्यांनी पैसे देण्याआधी व्हिडिओ मागितला होता आणि तो आलाही होता. त्यात फरशीवर टाकलेला रुपया खणखणीत वाजतो, चुंबकाला चिकटत नाही, काट्यावर ११.६ ग्रॅम दाखवतो. व्हिडिओतला रुपया खरोखरच खरा होता, या पार्सलमधला १८७७ चा. एका खऱ्या नाण्याने बाकीच्या सातांची हमी भरली. म्हणून पहिली गोष्ट ही, की चाचणीचा व्हिडिओ प्रत्येक नाण्याचा वेगळा हवा आणि तो न थांबवता घेतलेला हवा : साल दिसलं, तेच नाणं काट्यावर गेलं, तेच उचलून कड फिरवून दाखवली.

आता नाणी. ब्रिटिश हिंदुस्थानचा चांदीचा रुपया १८३५ पासून एका मापाचा आहे. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक जुना तोळा. व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर. चांदी ९१.७ टंच, म्हणजे शंभरात ९१.७ भाग, बाकी तांबं. विल्यम, राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचे १९३८-३९ चे रुपये या सगळ्यांना हेच लागू. झिजलेला रुपया ११.४ पर्यंत उतरू शकतो, पण तेवढी झीज राणीच्या केसांवर आणि मुकुटावर दिसली पाहिजे. चेहरा कोरा करकरीत आणि वजन १०.२, हे जुळत नाही.

पार्सलमधले १८६२ चे दोन रुपये नेमके असेच होते. एक १०.२१ ग्रॅम, दुसरा १०.१८. भिंगाखाली दोन्हीवर राणीच्या गालाजवळ एकाच जागी, एकाच आकाराचा खड्डा. चलनात फिरताना दोन नाण्यांना तंतोतंत सारखी जखम होत नाही. ती साच्यात होती आणि साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर उतरली. ही ओतीव नाणी. टांकसाळीत ठशाखाली दाबलेल्या नाण्याची अक्षरं धारदार उभी राहतात आणि मोकळी जागा गुळगुळीत असते. ओतीव नाण्याची अक्षरं साबणावर उमटल्यासारखी बोथट, मोकळ्या जागेत बारीक पुटकुळ्या किंवा छिद्रं, आणि कडेवर कुठेतरी साच्याच्या दोन भागांची सांधरेषा. ती घासून काढली, तर त्या जागचे दाते, म्हणजे कडेवरच्या उभ्या रेघा, अर्धवट राहतात. म्हणून फोटो मागताना छापा आणि काटा दोन्ही मिळाले म्हणून समाधान मानू नका. कडेचे चारही बाजूंनी फोटो मागा. नकली माल विकणारा कडेचा फोटो पाठवायला सगळ्यात जास्त टाळाटाळ करतो.

हे दोन्ही रुपये जर्मन सिल्व्हरचे होते, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. वर चांदीचा मुलामा. चुंबक याला पकडत नाही. चुंबकाला चिकटलं तर नाणं खोटं, एवढंच चुंबक सांगतं. न चिकटणं हा काहीच पुरावा नाही. टंच मशीनवरही पूर्ण विसंबू नका. ते यंत्र पृष्ठभागाचा पातळ थर वाचतं, मुलामा जाड असेल तर आकडा चांदीचाच येतो. आणि सराफाला नाणं कसोटीवर घासू देऊ नका, खरं निघालं तर संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत त्याच ओरखड्याने उतरते.

नाण्याला धक्का न लावता आतला धातू ओळखायचा, तर पाण्याची चाचणी करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो. आधी नाणं कोरडं मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल असं पाण्यात सोडा. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. नाण्याला चिकटलेले बुडबुडे एक हलका झटका देऊन सोडवा, नाहीतर आकडा जास्त येतो आणि खरं नाणं खोटं ठरतं. आता काट्यावर जो आकडा दिसेल, त्याने कोरड्या वजनाला भागा. ९१.७ टंच चांदीचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं. ११.६६ च्या रुपयाला काटा पाण्यात १.१३ दाखवतो. तांब्याचं उत्तर ९ च्या जवळ, जर्मन सिल्व्हर आणि पितळेचं साधारण साडेआठ. या दोन रुपयांपैकी पहिल्याला पाण्यात १.१८ आलं. १०.२१ भागिले १.१८, म्हणजे ८.६५. पुढे वाद घालायला जागाच उरली नाही. एक अडचण मात्र आहे. शिसं ११.३ चं असतं, त्यामुळे शिसं मिसळलेला धातू आकड्याला चांदीजवळ आणू शकतो. पण शिशाचं नाणं बद्द वाजतं, म्हणून आवाज आणि पाणी दोन्ही एकत्र बघायचे.

तिसरा रुपया १८६६ चा. तो मोजायचीही गरज नव्हती. चलनातल्या रुपयावर १८३५ नंतर थेट १८४० हे साल येतं, ते १८६२ पर्यंत तसंच छापलं गेलं, आणि १८६२ हे साल १८७४ पर्यंत टिकलं. मधल्या वर्षांत रुपये पडले, पण साल तेच राहिलं. त्यामुळे १८५७ चा रुपया, १८६६ चा रुपया असं जाहिरातीत दिसलं की तिथेच थांबा. १८५७ चा तर मुद्दाम विकतात, उठावाचं साल म्हणून. 'एम्प्रेस' हा शब्द १८७७ पासून आहे, त्याआधीच्या सालावर तो असेल तर नाणं बनावट. १९०२ चा रुपया चलनात आलाच नाही. याच जातीचा आणखी एक माल बाजारात फार आहे : राम, सीता, लक्ष्मण, मारुती यांची चित्रं, १८१८ साल आणि मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. लोक ते देव्हाऱ्यात ठेवतात, त्याला कुणाची हरकत नाही, पण 'दुर्मिळ कंपनी नाणं' म्हणून त्याला पैसे देऊ नयेत.

चौथं खोटं नाणं म्हणजे ब्रिटिश व्यापारी डॉलर, उभी ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) असलेला. हे डॉलर पूर्वेकडच्या व्यापारासाठी १८९५ पासून पाडले गेले, बहुतेक मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत. २६.९५ ग्रॅम, ९० टंच. याच्या नकला पोत्याने येतात. इथला तर १९ ग्रॅमचा होता आणि चुंबकाला चिकटत होता. खुद्द इंग्लंडची नाणी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : १९१९ पर्यंत ९२.५ टंच, १९२० ते १९४६ पन्नास टंच, १९४७ पासून चांदीच नाही. क्राउन २८.२८ ग्रॅम, हाफ क्राउन १४.१४, शिलिंग ५.६६.

सगळ्यात जपून राहायचं ते साल बदललेल्या नाण्यांपासून, कारण तिथे काटा, पाणी, आवाज, टंच सगळं बरोबर येतं. पाचवं नाणं १९११ चं होतं, तो प्रसिद्ध 'डुकराचा रुपया'. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. त्यामुळे १९११ ला जास्त पैसे मिळतात. इथे १९१७ च्या सातचा आडवा दांडा खरवडून एक केला होता. फसवणाऱ्याने साल बदललं, पण हत्ती त्याला बदलता आला नाही. झग्यावर सोंड लांब, स्पष्ट दिसत होती. साल १९११ आणि हत्ती सुधारलेला, असं नाणं असू शकत नाही.

सहावं, १९३९ चं. हे साल रुपयात फार दुर्मिळ, आणि १९३८ चा रुपया त्या मानाने सहज मिळतो. आठचा नऊ करायला खालच्या वेटोळ्याची डावी बाजू उडवायची, बस. दहापट भिंगाने सालातले दोन्ही नऊ शेजारी-शेजारी ताडून पाहा. इथे दुसऱ्या नऊची शेपटी पहिल्यापेक्षा जाड होती, आणि तिच्याभोवतीची जागा किंचित खोल आणि वेगळ्या चकाकीची. दिवा बाजूने, अगदी आडवा धरला की खरवडलेली जागा उठून दिसते, सरळ उजेडात नाही. आणि साल झाकण्यापुरताच काळेपणा असेल तर तो मुद्दाम आणलेला समजा. वर्षानुवर्षांचा काळेपणा अक्षरांच्या कोपऱ्यांतून हळूहळू पसरत येतो. १९३९ चा रुपया तज्ज्ञाच्या हातात देऊन तपासल्याशिवाय घेऊच नये, मग विक्रेता कितीही ओळखीचा असो.

सातवं १९४४ चं, 'शुद्ध चांदी' म्हणून विकलेलं. युद्धाच्या काळात, १९४० पासून, रुपयात निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, आणि निकेल व जस्त पाच-पाच टक्के घातलं गेलं. वजन तेच, ११.६६, म्हणून नुसता काटा इथे फसवतो. पाण्यात मात्र १.२२ येतं, भागाकार साडेनऊ. कडेच्या दात्यांमधून गेलेली चर दिसली की हा तोच रुपया. नाणं खरं, किंमत खोटी. धातूची किंमत काढायची तर त्या दिवशीच्या चांदीच्या ग्रॅमच्या भावाला जुन्या रुपयासाठी १०.७ ने गुणा, आणि याच्यासाठी ५.८ ने.

आणि आठवं, व्हिडिओतलं १८७७ चं. आपल्या सोलापूरच्या 'जुनी मिल' या कापडगिरणीचं सालही हेच, म्हणून सोलापूरकर या नाण्यासाठी हमखास थांबतो. राणीच्या डोक्यावर, बरोबर बाराच्या ठिकाणी कडेचे चार दाते भरलेले होते. माळेत ओवायला लावलेली कडी काढली होती आणि तिचा टाका घासला होता. आपल्याकडे घराघरांतल्या माळांत आणि तांड्यांवरच्या लमाण बायकांच्या दागिन्यांत असे रुपये पिढ्यानपिढ्या जडवले गेले, त्यामुळे या भागातल्या खऱ्या रुपयांत टाका सर्रास सापडतो. ते नाणं घ्यायला हरकत नाही, जुना दागिना म्हणून त्याला मान आहे, पण संग्रहाच्या भावाने नाही. चिंच, रांगोळी लावून लखलखीत केलेल्याचंही तसंच.

वाड्याच्या गोष्टीबद्दल. पुरलेलं किंवा दडवलेलं धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे विक्रेत्याची गोष्ट खोटी असेल तर माल खोटा, आणि खरी असेल तर तो माल विकायचा त्याला अधिकारच नव्हता. दोन्हीकडून घेणाऱ्याचंच नुकसान.

पार्सल पोचल्यावर चार दिवसांनी दुसरा फोन आला. १९३९ च्या रुपयाला नऊ लाखांचं गिऱ्हाईक आहे, फक्त रिझर्व्ह बँकेचं नोंदणी शुल्क सहा हजार भरा. सोबत बँकेचा शिक्का असलेलं पत्र. या गृहस्थांनी ते भरले नाहीत, हे फार बरं झालं. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण कुठलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केलेलं आहे.

पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला होता, त्यामुळे इथे हा आकडा कुणाला पाठ करावा लागत नाही. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत वळती होते आणि गोठवायला काही उरत नाही. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, विक्रेत्याचा यूपीआय पत्ता आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ लेबलपासून सुरू करा आणि प्रत्येक नाणं त्याच व्हिडिओत काट्यावर ठेवा. या गृहस्थांनी पार्सल आधी फोडलं, नाणी दोन दिवस हाताळली आणि मग तक्रार केली. तेव्हा विक्रेत्याने एकच ओळ लिहिली : नाणी तुम्हीच बदलली असतील.