ऑइल गळती शोधायचा जांभळा टॉर्च: आठ महिने वापरल्यावर

किटमध्ये तीन गोष्टी येतात. डायची बाटली, टॉर्च, पिवळा चष्मा. डाय म्हणजे रंग, तो इंजिन ऑइलमध्ये ओतायचा; ऑइल जिथून गळतं तिथे तो टॉर्चच्या जांभळ्या उजेडात पोपटी चमकतो. मी ६४० रुपयांना घेतलं, तेही रागाच्या भरात.

राग सर्व्हिस सेंटरचा. गाडी अकरा वर्षांची, पेट्रोल. नोव्हेंबरात पार्किंगच्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढे काळे डाग पडायला लागले. सर्व्हिस सेंटरच्या साहेबांनी गाडी लिफ्टवर चढवली, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या फटीवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "क्रँकचं मागचं सील गेलंय सर. गिअरबॉक्स उतरवावा लागणार. उतरवतोच आहे तर क्लचप्लेटपण टाकून घेऊ." क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, तो गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथे ऑइल अडवायला हे सील असतं. एस्टिमेट १८,५००. त्यात सीलचे पैसे पाचशेसुद्धा नव्हते, बाकी सगळी उतरवाउतरवी आणि मी न मागितलेली क्लचप्लेट. मी "घरात विचारून सांगतो" म्हटलं आणि किल्ली घेऊन निघालो.

पहिला प्रयोग फसला. डाय ओतला, कागल-निपाणी जाऊन आलो, रात्री बॉनेट उघडून टॉर्च मारला तर कुठेच काही नाही. चूक माझीच. ऑइल बदलायला झालं होतं, डांबरासारखं काळं. तसल्या ऑइलमध्ये डायची चमक मरते. नवं ऑइल घातलं, डाय पुन्हा टाकला. त्याआधी शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रीमामांनी आणखी एक काम लावलं: "आधी इंजिन धुऊन आणा, मग बोलू. तेल खालनं टपकतंय म्हंजे खालनंच येतंय असं न्हाई."

धुतलेल्या इंजिनावर शंभरेक किलोमीटर झाल्यावर अंधारात बघितलं आणि अंगावर काटा आला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून पोपटी रंगाची बारीक रेघ निघाली होती. हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) कडेने वळून ती ब्लॉकवरून (खालचा भाग) थेट त्या फटीपर्यंत उतरली होती, जिथे साहेबांनी बोट फिरवलं होतं. फटीच्या वर पोपटी, खालच्या बाजूलाही पोपटी. म्हणजे बोट खरं होतं, फक्त वर बघायचं राहिलं होतं. कंटाळा केला की गिऱ्हाईक गाठलं, ते मला माहीत नाही.

मामांनी कव्हर उघडलं. त्याखालचं रबरी पॅकिंग हातात घेऊन वाकवलं तर कटकन मोडलं. "पापड झालाय ह्येचा." रबर मऊ असेल तरच ते दबून फट बुजवतं, वर्षानुवर्षं तापून कडक झालं की बोल्ट कितीही आवळा, उपयोग नाही. उलट जास्त आवळलं तर कव्हरच वाकडं होतं. पॅकिंग ४२०, मजुरी ५००. काम दीड तासाचं, त्यातला अर्धा तास चहाचा.

इथवरचं मी फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं आणि किटला पाचपैकी पाच दिले होते. बरं झालं कुठं टाकलं नाही.

मे महिन्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात जाऊन आलो आणि फरशीवर पुन्हा डाग. टॉर्च मारला तर तोच कोपरा पोपटी. मामांवर उखडलो. ते शांत. "मागचं पुसलं हुतं का नीट?" नव्हतं पुसलं. जुना डाय तसाच राहिला तर तो महिनोन्महिने चमकत राहतो आणि नवं-जुनं कळत नाही. ब्रेक क्लीनर मारून सगळं पुसलं, बनियनच्या चिंध्यांनी. मग रात्री इंजिनभर निळे ठिपके. घाबरलो. ते बनियनचे धागे होते. साबणाच्या पावडरीने पांढरे कपडे या उजेडात निळे दिसतात. गळती पोपटी दिसते, निळी नाही, हे डब्यावर कुणी लिहायचं?

दोन दिवसांनी रेघ पुन्हा आली. म्हणजे गळती खरीच होती. मामांनी पॅकिंगला हातही लावला नाही. कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह उपसला आणि माझ्या कानाशी धरून हलवला. "वाजतंय का?" नाही. तो खुळखुळ्यासारखा वाजला पाहिजे. आत चिकट तपकिरी गाळ बसला होता. इंजिनातला गॅस बाहेर पडायची ही वाट बुजली की आत दाब वाढतो आणि जिथलं पॅकिंग लेचंपेचं तिथून ऑइल ढकलतो. गाळ का? माझं रोजचं घर ते दुकान, राजारामपुरी ते शाहूपुरी. इंजिन तापायच्या आत बंद. ऑइलमधलं पाणी उडतच नाही, त्याचाच चिखल. व्हॉल्व्ह २६०. तेव्हापासून रविवारी गाडी हायवेला काढतो. घरचे म्हणतात पेट्रोल जाळतो. जाळतो.

सगळा पावसाळा गेला, फरशी कोरडी.

आता चष्मा. या किटवर माझा खरा राग आहे तो चष्म्यावर. माझा नंबर आहे, आणि हा चष्मा नंबरच्या चष्म्यावर बसतच नाही. माझा काढून हा घातला तर पोपटी दिसतं पण कुठे आहे ते दिसत नाही. माझा ठेवून हा हाताने धरला तर टॉर्च तोंडात धरावा लागतो. शेवटी गजऱ्याच्या दोऱ्याने कानामागे बांधला, तर शेजारचे जोशी जिन्यातून विचारतात, "काय हो, डोळे आलेत का?" गळती शोधायला सगळ्यात जास्त वेळ चष्म्याने खाल्ला. पिवळ्या काचेशिवाय टॉर्चचा जांभळा उजेडच डोळ्यात भरतो, म्हणून टाकूनही देता येत नाही. ज्याने हे बनवलं त्याच्या घरात चाळिशी पार केलेलं कुणीच नसावं.

किट घ्या, पण पाच नाही देणार, साडेतीन. दीड चष्म्याचे कापले. हिशेब: किट ६४०, पॅकिंग-मजुरी ९२०, व्हॉल्व्ह २६०, एकूण १,८२०, ऑइल धरलेलं नाही, ते बदलायचंच होतं. डायची निम्मी बाटली अजून शिल्लक आहे. टॉर्च पंधरा दिवसांपूर्वी जोशी घेऊन गेलेत, त्यांच्या बुलेटसाठी. चष्मा मात्र त्यांनी परत पाठवलाय, "बसत नाही" म्हणून.