वुपरटाल की बोखुम? आई-बाबांना कुठल्या जुन्या रेल्वेवरून चालवावं

ड्युसेलडॉर्फच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. आई-बाबा आलेत, कोलोनचं कॅथेड्रल बघून झालं, ऱ्हाइनकाठी तीनदा फिरून झालं, आता शनिवारी काय? चालायची त्यांना हौस आहे, पण गुडघे जपायचेत. डोंगर नको, चिखल नको, मध्ये कुठेतरी कॉफी मिळावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘नुसती झाडं बघायला एवढ्या लांब आणलंस होय?’ हे ऐकावं लागू नये.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरच्या वाटा या कामाला उत्तम. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, त्यामुळे रूळ उखडले तरी वाट सपाटच राहते. आपल्या टप्प्यात अशा दोन नावाजलेल्या वाटा आहेत: वुपरटालची नॉर्डबानट्रासे आणि बोखुमची एर्त्सबानट्रासे. दोन्ही जुन्या औद्योगिक शहरांतल्या, दोन्ही लोकल गाडीने एका तासाच्या आत, आणि महिन्याचं डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा पास, असेल तर जाण्या-येण्याचा वेगळा खर्च शून्य. मी दोन्हीकडे आई-बाबांना नेलं. एकीकडे नेल्याचा आनंद झाला, दुसरीकडे थोडी बोलणी खाल्ली.

फरक कळायला एकच गोष्ट विचारायची: इथून पूर्वी काय जायचं? माणसं की माल?

वुपरटालच्या मार्गावरून माणसं जायची. दरीच्या तळाशी वुपर नदीलगत एका कंपनीची रेल्वे आधीच धावत होती. प्रतिस्पर्धी ऱ्हाइनिश रेल्वे मागाहून आली तेव्हा खाली जागाच उरली नव्हती. मग तिने उत्तरेकडच्या डोंगरउतारावरून, बोगदे खणत आणि दगडी पूल बांधत आपला मार्ग नेला. तो १८७९ साली सुरू झाला. १९९१ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि काही वर्षांनी मालगाड्याही. पुढे शहरातल्याच नागरिकांनी संस्था काढून, पैसे उभे करून, महापालिकेच्या मागे लागून ही वाट करवून घेतली आणि २०१४ च्या डिसेंबरात ती सलग खुली झाली. लांबी बावीस किलोमीटरच्या आसपास.

प्रवासी मार्ग असल्यामुळे स्टेशनं जवळजवळ होती आणि आज नेमका त्याचाच फायदा होतो. थोड्याथोड्या अंतरावर वस्तीत उतरायला वाट आहे, बाक आहेत, कुठे जुन्या स्टेशनाच्या इमारतीत काहीतरी चालू आहे. मिर्के स्टेशनात उटोपियाश्टाट नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे जुन्या फलाटाशेजारी बसून कॉफी पिता येते. थकलात तर कुठेही सोडून द्या, खाली बस आहेच.

बोखुमच्या मार्गावरून गेलं ते फक्त खनिज. एर्त्स म्हणजे धातूचं खनिज. कालव्यावरच्या ग्रिमबेर्ग बंदरात उतरलेलं लोहखनिज बोखुमच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांपर्यंत न्यायचं, एवढ्याच कामासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रेल्वे बांधली. बाकीच्या रेल्वे, रस्ते, वस्त्या सगळं ओलांडून जायचं म्हणून ती उंच भरावावरून नेली, काही ठिकाणी पंधरा मीटर उंचीवरून. दगडाला कुठे मधेच उतरायचं असतं? त्यामुळे स्टेशन एकही नाही. नऊ-दहा किलोमीटरच्या या वाटेवर बाहेर पडायचे रस्ते आहेत, पण विरळ. चौथ्या किलोमीटरला बाबांनी ‘अजून किती?’ विचारलं तेव्हा मागे जाणं आणि पुढे जाणं सारखंच होतं.

आता पायाखालचं. नॉर्डबानट्रासे या बाबतीत फारच पुढे आहे. रुंदी बहुतेक ठिकाणी सहा मीटर, त्यातले चार डांबरी आणि सायकल-स्केटवाल्यांसाठी, दोन फरसबंदी आणि आपल्यासाठी. व्हीलचेअर, बाबागाडी, चप्पल, सगळं चालतं. फक्त एक जपायचं: चौघांनी गप्पा मारत आडवं पसरायची आपली सवय तिथे महागात पडते. रविवारी सायकलींची ही गर्दी! घंटी वाजते, मग जर्मनमध्ये काहीतरी ऐकू येतं, आणि ‘तो काय म्हणाला?’ याचं सौम्य भाषांतर आपल्याला करावं लागतं. एर्त्सबानट्रासे आम्ही चाललो तेव्हा बरीचशी घट्ट दाबलेल्या बारीक खडीची होती. कोरड्या दिवशी ती डांबरापेक्षा गुडघ्यांना बरी वाटते, पण आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर बुटांची दशा होते.

वुपरटालची खोड मात्र वेगळीच आहे. वाट सपाट, पण वाटेपर्यंत पोचायला चढ. रेल्वे उशिरा आली म्हणून वर गेली, त्याची किंमत आपल्या पिंढऱ्या देतात. मुख्य स्टेशनावर उतरून मिर्केपर्यंत चालत जायचं म्हणजे चांगलाच दम लागतो. पहिल्यांदा मी हीच चूक केली आणि ‘सपाट आहे म्हणाला होतास ना’ हे वाक्य वाट लागायच्या आतच ऐकलं.

बघायला काय, यात मात्र बोखुम बाजी मारतं. सुरुवातीलाच वेस्टपार्क आणि यारहुंडर्टहाले: १९०२ च्या ड्युसेलडॉर्फ प्रदर्शनासाठी उभारलेली आणि नंतर इथे हलवलेली अवाढव्य लोखंडी इमारत, जिथे आता संगीताचे आणि नाटकांचे कार्यक्रम होतात. लगेच नागमोडी वळणाचा झुलता पूल. पुढे लोखंडी पुलांची रांग, गंजाचा तो ठरावीक तांबूस रंग, बर्चची झाडं, आणि कालव्यावरचा कोयत्यासारखा वाकलेला पादचारी पूल. इथे काय होतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

वुपरटालमध्ये समजावून सांगावं लागतं. वरून दिसतात ती घरांच्या मागच्या बाजू, गच्च्या, चर्चचे मनोरे. पण ही दरी १५२७ पासून सूत पांढरंशुभ्र करण्याच्या धंद्यावर जगली. सुतामागून रंगाई आली, रंगातून रसायनं. बायर कंपनी १८६३ मध्ये इथल्याच बार्मेनमध्ये सुरू झाली आणि आजचं ॲस्पिरिन १८९७ मध्ये एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत तयार झालं. मार्क्सचा सहकारी फ्रीडरिश एंगेल्स बार्मेनच्या एका गिरणीमालकाचा मुलगा. परळमध्ये वाढलेल्या माझ्या बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थांबले आणि कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिले. ‘गिरणी कुठली ती?’ म्हणाले. मला बोट दाखवता आलं नाही.

एक फसगत आधीच सांगतो. लेगो ब्रिज म्हणून प्रसिद्ध असलेला रंगीत पूल याच वाटेवर आहे, पण रंगकाम आहे खालच्या अंगाला. वरून चालताना काहीच दिसत नाही. नातवंडं बरोबर असतील तर रस्त्यावर उतरून वर बघायचं. बोगदे मात्र सगळ्यांना आवडतात. पूर्व टोकाचा शे बोगदा तर ७२२ मीटरचा आहे. भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो, आईसाठी शाल ठेवा.

तर माझं मत: गुडघे कुरकुरत असतील, हवेचा भरवसा नसेल, किंवा बरोबर बाबागाडी असेल तर वुपरटाल. लोखंड, कारखाने, फोटो यांची आवड असेल आणि दहा किलोमीटर सलग चालायची खात्री असेल तर बोखुम. तिथे बोखुमहून कालव्याकडेच चाला, उलट नको. त्या दिशेने हलका उतार मिळतो आणि शेवटी प्राणिसंग्रहालयाजवळून गेल्सेनकिर्शेनची ट्राम. स्वच्छतागृहाचं काम निघण्याआधी उरकून घ्या आणि डबा बरोबर ठेवा.

वुपरटालला जाणार असाल तर मुख्य स्टेशनाच्या आधी, फोविंकलला उतरा. थोडं चालून वाट लागते. मिर्केपर्यंत सात-एक किलोमीटर, तिथे कॉफी, आणि मग मुख्य स्टेशनापर्यंत उतारच उतार. तिथून लगेच घरची गाडी पकडू नका. १९०१ पासून नदीवर उलटी लटकत धावणारी श्वेबेबान तिथेच आहे. तिच्यातून १९५० मध्ये टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू खाली नदीत पडलं आणि वाचलंही. आईने आमच्या नात्यातल्या सगळ्यांना फोनवरून सांगितली ती हीच गोष्ट.