टीडीसी की पूर्ण वेव्हफॉर्म? कण-डिटेक्टरसाठी रीडआउट निवडताना

डिटेक्टर ठरला, सेन्सर ठरला, आता रीडआउट (सेन्सरचा सिग्नल टिपून त्याचा डेटा करणारं इलेक्ट्रॉनिक्स) कोणता घ्यायचा, या टप्प्यावर आलं की बहुतेकांची नजर आधी सॅम्पलिंगच्या आकड्याकडे जाते. सेकंदाला 1 गिगासॅम्पल, 5 गिगासॅम्पल, जितका मोठा तितका बरा असं वाटायला लागतं. माझ्या मते तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी दोन गोष्टींची उत्तरं मिळवा: पल्सच्या, म्हणजे कण आल्यावर सेन्सर देतो त्या क्षणिक सिग्नलच्या, आकारात तुमच्या उपयोगाची माहिती आहे का, आणि घटना किती भराभर येतात? पर्याय मुख्यतः तीन आहेत: डिस्क्रिमिनेटरमागे टीडीसी (फक्त पल्सची वेळ मोजणारं सर्किट), पल्सचा पूर्ण आकार टिपणारा स्विच्ड कपॅसिटर ॲरे, किंवा अखंड चालणारा वेगवान एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारं सर्किट). या दोन उत्तरांवर त्यातला एक तरी पर्याय बहुधा लगेच गळतो.

तिघांनाही लागू पडणारा एक हिशेब आधी करू. थ्रेशोल्डपाशी, म्हणजे ठरवून दिलेल्या व्होल्टेजपाशी, पल्स किती उभा चढतो आणि त्यावर नॉइज किती, यावर वेळेची अचूकता ठरते. समजा, पल्स 1 नॅनोसेकंदात 100 मिलिव्होल्ट चढतो आणि नॉइज 2 मिलिव्होल्ट आहे. म्हणजे चढ झाला पिकोसेकंदाला 0.1 मिलिव्होल्ट, आणि 2 ला 0.1 ने भागलं की आले 20 पिकोसेकंद. यामागे 3 पिकोसेकंदांच्या पायरीचा टीडीसी लावला तरी हाती 20 च राहणार. चढत्या कडेवर चार-पाच सॅम्पल मिळाले तर थोडी सुधारणा होते. पण शेजारच्या सॅम्पलमधला नॉइज एकमेकांशी निगडित असतो, त्यामुळे ती अपेक्षेइतकी होत नाही. म्हणून पहिला खर्च आणि पहिले महिने प्रीअँप्लिफायरवर घालवा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

आता टीडीसीचा मार्ग. डिस्क्रिमिनेटर पल्सने थ्रेशोल्ड ओलांडल्याची फक्त कड देतो, टीडीसी तिची वेळ टिपतो. एका हिटमागे थोडेसेच बिट साठवावे लागतात, वीज कमी लागते आणि चॅनेल लाखांत गेले तरी निभावतं. सर्नच्या ॲलिस प्रयोगातल्या टाइम-ऑफ-फ्लाइट डिटेक्टरचे दीड लाखाहून अधिक चॅनेल असेच वाचले जातात: पुढे निनो नावाची अँप्लिफायर-डिस्क्रिमिनेटर चिप, मागे सुमारे 25 पिकोसेकंदांच्या पायरीवर चालणारी एचपीटीडीसी. मोठा पल्स थ्रेशोल्ड लवकर ओलांडतो आणि लहान पल्स उशिरा. या टाइम वॉकची दुरुस्ती पल्स थ्रेशोल्डच्या वर किती वेळ राहिला त्यावरून करता येते. निनोच्या आउटपुटच्या रुंदीतच ती माहिती असते.

या पद्धतीची दुखरी नस म्हणजे पाइल-अप. एका पल्सच्या शेपटीवर दुसरा चढला की डिस्क्रिमिनेटरला एकच लांब पल्स दिसतो, आणि नंतर कितीही सॉफ्टवेअर लिहा, हरवलेली माहिती परत येत नाही. बेसलाइन (पल्स नसतानाची पातळी) सरकली तरी तसंच. थ्रेशोल्ड जागच्या जागी राहतो, वेळ मात्र हळूहळू घसरते आणि डेटात त्याची काही खूणही उरत नाही. न्यूट्रॉन आणि गॅमा पल्सच्या शेपटीवरून वेगळे काढायचे असतील तर साध्या टीडीसीच्या वाटेला न गेलेलंच बरं.

स्विच्ड कपॅसिटर ॲरे इथे उपयोगी पडतो. या चिपमध्ये लहान कपॅसिटरची रांग असते आणि सिग्नल त्यात गोल गोल फिरत लिहिला जातो. ट्रिगर, म्हणजे ही घटना ठेवा असा इशारा, आला की लिहिणं थांबतं, मग साठलेले व्होल्टेज एका संथ, स्वस्त एडीसीने सावकाश वाचतात. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटची डीआरएस4 ही यातली सगळ्यांच्या परिचयाची चिप. प्रत्येक चॅनेलला 1024 कपॅसिटर आणि 5 गिगासॅम्पलपर्यंत वेग, म्हणजे सुमारे 205 नॅनोसेकंदांचा तुकडा. त्याच संस्थेतल्या मेग प्रयोगात म्यूऑनचा दुर्मीळ क्षय शोधताना एकावर एक चढलेले पल्स ओळखणं अत्यावश्यक होतं, आणि ते या चिपमुळे जमलं. ऑसिलोस्कोपच्या तोडीचं चित्र, तेही एका चॅनेलला फार थोड्या विजेत. भौतिकशास्त्रज्ञाला लोभ सुटावा असंच हे यंत्र आहे.

पण त्याची किंमत डेड टाइममध्ये मोजावी लागते. सगळे 1024 कपॅसिटर 33 मेगाहर्ट्झने वाचायला सुमारे 30 मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ ती चिप आंधळी असते. सेकंदाला 1,000 घटना असतील तर जेमतेम 3 टक्के नुकसान, ते सोसवतं. 10,000 झाल्या की जवळजवळ पाव घटना हातच्या जातात. पल्सभोवतीचाच भाग वाचून हा वेळ बराच कमी करता येतो, मात्र त्यासाठी ट्रिगर वेळेत आणि नेमका यायला हवा. शिवाय कॅलिब्रेशन आहेच. प्रत्येक कपॅसिटरचा ऑफसेट वेगळा आणि दोन कपॅसिटरमधलं अंतरही सारखं नसतं. वेळेचं कॅलिब्रेशन टाळून 5 गिगासॅम्पलची अचूकता मिळेल, ही आशा सोडून द्या. ते नीट केलं की काही पिकोसेकंदांपर्यंत पोचता येतं.

अखंड एडीसीला हा डेड टाइम नाही. त्याची अडचण डेटाची. 5 गिगासॅम्पल आणि 12 बिट म्हणजे एका चॅनेलमागे सेकंदाला 60 गिगाबिट. सर्नच्या एलपीजीबीटी चिपची डेटा बाहेर पाठवण्याची कमाल गती सेकंदाला 10.24 गिगाबिट आहे, म्हणजे एका चॅनेलसाठी तशा किमान सहा लिंक लागतील. त्यामुळे रिकामा डेटा एफपीजीएमध्येच (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपमध्येच) गाळावा लागतो, आणि तो फर्मवेअर लिहिणारा माणूस तुमच्याकडे आहे का, हा बोर्डाच्या किमतीपेक्षा मोठा प्रश्न असतो. माहितीपत्रकातल्या 12 बिटांवरही विसंबू नका. 500 मेगाहर्ट्झच्या सिग्नलवर क्लॉकचा जिटर (ठोक्यांच्या वेळेतली थरथर) केवळ 1 पिकोसेकंद असला तरी प्रत्यक्षात 8 च्या आसपासच बिट उपयोगी राहतात.

दर वेळी इतका वेग लागतोच असंही नाही. सर्नच्याच सीएमएस प्रयोगातल्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक कॅलरीमीटरच्या (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या) नव्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी सेकंदाला 160 मेगासॅम्पल पुरेसे ठरवले गेले. दोन सॅम्पलमध्ये 6.25 नॅनोसेकंद, आणि तरी उच्च ऊर्जेच्या कणांसाठी उद्दिष्ट सुमारे 30 पिकोसेकंदांचं. पल्सचा आकार पक्का माहीत असेल आणि नॉइज कमी असेल तर मोजक्या सॅम्पलमधूनही वेळ नेमकी निघते, हे मला या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं गणित वाटतं.

टीडीसी ठरला तरी तो चिपमध्ये घ्यायचा की एफपीजीएमध्ये बनवायचा, हे उरतं. एफपीजीएमध्ये बेरजेसाठी असलेली कॅरी साखळी विलंबरेषा म्हणून वापरतात. जर्मनीतल्या जीएसआय संशोधन केंद्राच्या हाडेस प्रयोगात असे टीडीसी वापरले गेले आहेत. चॅनेल हवे तेवढे, बदल एका दुपारीही करता येतात. मात्र साखळीतल्या पायऱ्या सारख्या रुंदीच्या नसतात. यादृच्छिक वेळी येणारे हिट भरपूर घेऊन हिस्टोग्राम काढला की काही कप्पे उंच तर काही जवळपास रिकामे दिसतात. कप्प्यातली संख्या हेच त्या पायरीच्या रुंदीचं माप. तापमान बदललं की हे चित्रही बदलतं, म्हणून कॅलिब्रेशन चालू प्रयोगातच सतत व्हायला हवं. किरणोत्साराच्या जागी मी साधा एसरॅमवर चालणारा (म्हणजे सर्किटची मांडणी मेमरीत ठेवणारा) एफपीजीए ठेवणार नाही. एका कणाने कॉन्फिगरेशनचा बिट उलटवला तर सर्किटच बदलतं. तिथे किरणोत्सार सोसणारी चिपच हवी. स्वतःची नवी चिप काढायचा विचार चॅनेल हजारोंच्या घरात आणि हाताशी काही वर्षं असतील तरच करा.

बोर्ड आणि क्लॉकचा खर्च तिन्ही पर्यायांत सारखाच, आणि अंदाजपत्रकात तोच नेहमी कमी धरला जातो. एफआर4 या नेहमीच्या सर्किट बोर्डावर 1 मिलिमीटर अंतर म्हणजे 6 ते 7 पिकोसेकंद. 50 ओहमच्या ट्रेसला (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीला) कनेक्टरपाशी 60 ओहम भेटला की 9 टक्के पल्स मागे फिरतो, आणि तो परतून पुढच्या पल्सवर बसला की भुतासारखा हिट दिसतो. ट्रेसखालचा ग्राउंड कुठेही तुटू देऊ नका. सीएमएससारख्या 3.8 टेस्लाच्या चुंबकात काम असेल तर पॉवर सप्लायमधली फेराइटची कॉइल निरुपयोगी होते, तिथे हवेच्या गाभ्याचीच लागते.

सेन्सर एकल कणांचे वेगळे पल्स देत असेल आणि चॅनेल पुष्कळ असतील तर मी टीडीसी घेईन. आकार महत्त्वाचा असेल, चॅनेल मोजके आणि ट्रिगर सेकंदाला हजाराच्या आसपास असतील तर डीआरएस4 सारखा ॲरे. घटना दाट आणि ट्रिगर आधी सांगता न येणारा असेल तर एडीसी, पण पल्स झेपेल तेवढ्या कमीत कमी सॅम्पलिंगवर. तरी निर्णय अडलाच तर एक चांगला ऑसिलोस्कोप आठवडाभर मिळवा आणि तुमच्याच सेन्सरचे काही हजार पल्स, नॉइजसकट, खऱ्या केबलमधून नोंदवून ठेवा. त्याच फाइलवर थ्रेशोल्ड लावून बघा, दर पाचवा सॅम्पल ठेवून बघा, दोन पल्स मुद्दाम एकमेकांवर चढवून बघा. तिन्ही पद्धतींची अचूकता ऑर्डर देण्याआधीच एका आलेखात शेजारी शेजारी दिसेल.